मज्जेचे नाते कसे जुळते?

रक्तदान शिबिराची आता आपल्या वस्त्यांत नवलाई राहिलेली नाही. १४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, मांडव पडतो, खाटा लागतात, तरुण मुले-मुली रांगेत उभी राहतात. आपला रक्तगट कोणता, हे दहावीतल्या मुलीलाही पाठ असते. अलीकडे काही शिबिरांत मात्र आणखी एक टेबल दिसू लागले आहे. तिथे सुई नसते. कापसाची काडी हातात देतात, गालाच्या आतल्या बाजूने फिरवायला सांगतात आणि एक फॉर्म भरून घेतात. "कशासाठी?" म्हणून विचारले की "बोनमॅरोसाठी" असे उत्तर मिळते. ते ऐकताच निम्मे लोक त्या टेबलापासून मागे सरकतात. बोनमॅरो म्हणजे हाडातला मगज. तो आता इथेच काढतात की काय, अशी धास्ती!

त्या काडीचे पुढे काय होते, ती कुठे जाते आणि तिच्यावरून कुणाचा जीव कसा वाचतो, हे घरातल्या सर्वांना समजावे म्हणून आजचे हे टिपण. विषय थोडा शास्त्राचा आहे, पण रेशनकार्ड आणि पासबुक समजणाऱ्याला न समजण्यासारखे त्यात काही नाही.

रक्ताचा कारखाना

आपल्या अंगातले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या पेशी हे सगळे त्या एकाच कारखान्याचे उत्पादन. हा कारखानाच बिघडला, तर बाहेरून बाटल्या चढवून तात्पुरते भागते, रोग जात नाही. रक्ताचे काही कॅन्सर, थॅलेसेमिया, सिकलसेल, मज्जा सुकून जाणारा अप्लास्टिक अॅनिमिया या आजारांत बऱ्याच रुग्णांना उपाय उरतो तो मज्जा बदलण्याचा. जोरदार औषधांनी जुनी मज्जा संपवतात आणि निरोगी माणसाच्या मज्जेतल्या मूळ पेशी रक्ताच्या बाटलीसारख्याच शिरेतून सोडतात. त्या आपला रस्ता शोधत हाडांत जाऊन बसतात आणि दोन-चार आठवड्यांत नवे रक्त करू लागतात. आपल्या देशात हे प्रत्यारोपण पहिल्यांदा झाले ते १९८३ साली, आपल्या मुंबईतच, परळच्या टाटा रुग्णालयात. डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते केले.

मग अडचण कुठे येते? रक्त देताना गट जुळला की काम होते. मज्जेला तेवढे पुरत नाही. मज्जेतून येणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. घरचा कोण आणि परका कोण, हे ओळखणे त्यांचे काम. बहुतेक पेशींच्या अंगावर ओळखपत्रासारखी काही प्रथिने असतात, त्यांना एचएलए म्हणतात. नव्या मज्जेतल्या पहारेकऱ्यांना रुग्णाच्या अंगावरची ओळखपत्रे परकी वाटली, तर ते रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. वाचवायला आलेलेच घर मोडू लागतात. म्हणून दात्याची आणि रुग्णाची ओळखपत्रे आधी ताडून पाहावी लागतात. यालाच टिश्यू टायपिंग किंवा एचएलए टायपिंग म्हणतात.

आईकडून एक, बापाकडून एक

ही ओळखपत्रे छापणारी जनुके आपल्या सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून आहेत. त्यांतली पाच मुख्यतः तपासतात: ए, बी, सी, डीआरबी-१ आणि डीक्यूबी-१. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पाच दुणे दहा. डॉक्टर "दहापैकी दहा जुळले" म्हणतात ते यावरूनच.

आता हिशेब करू. आईजवळ दोन संच, त्यांतला एक ती मुलाला देते. वडिलांचेही तसेच. दोन गुणिले दोन म्हणजे चार जोड्या होतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. दोन भावंडे असतील तर त्यांतले एक तरी जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्के. आपल्या आजी-आजोबांच्या काळात रुग्णाला पाच भावंडे असत, तेव्हा हाच आकडा ७६ पर्यंत जाई. आज दोन मुलांचे कुटुंब आहे आणि ते योग्यच आहे, पण त्यात आजारी मुलाला एकच भावंड. आई-वडील सहसा निम्मेच जुळतात. म्हणजे बहुतेक घरांत दाता घराबाहेरच शोधावा लागतो. आणि परक्या माणसात शोधायचे तर ओळखपत्र वरवर पाहून चालत नाही, अक्षर न् अक्षर वाचावे लागते.

आयांच्या रक्तापासून सुरुवात

ही ओळखपत्रे वाचायला माणूस कसा शिकला, ती हकिकत माता-भगिनींनी जरूर वाचावी. १९५८ साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी या प्रकारची पहिली खूण शोधली. त्याबद्दल पुढे १९८० चे नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळाले. त्याच १९५८ सालात हॉलंडचे यान फान रूड आणि अमेरिकेच्या रोझ पेन यांना, वेगवेगळे काम करत असताना, एक गोष्ट आढळली. अनेक बाळंतपणे झालेल्या बाईच्या रक्तात पांढऱ्या पेशींना ओळखणारी प्रतिपिंडे असतात. कारण पोटातल्या बाळाची निम्मी ओळख बापाची असते आणि आईचे शरीर ती टिपून ठेवते. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत टिश्यू टायपिंग चालले ते मुख्यतः लेकुरवाळ्या बायांनी दिलेल्या रक्तातल्या द्रवावर.

या द्रवाचे चार थेंब पुरवून वापरण्याची युक्ती १९६४ साली पॉल तेरासाकी यांनी काढली. हे अमेरिकेत जन्मलेले, जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारेच्या छावण्यांत डांबले, त्यांत शाळकरी तेरासाकी आणि त्यांचे कुटुंबही होते. वंश पाहून ज्याला वेगळे काढले, त्याच्याच पद्धतीने पुढे साऱ्या जगात दात्यांची आणि रुग्णांची नाती जुळवली गेली.

परंतु ही पद्धत ढोबळ होती. ती "ए-२" एवढेच सांगे. त्या एका नावाखाली किती तरी वेगळी रूपे दडलेली असतात. युरोपातल्या माणसात ए-२ निघाले तर ते बहुतेक वेळा ०२:०१ हेच रूप असते. आपल्या देशात मात्र ०२:११, ०२:०३, ०२:०६ अशी अनेक रूपे आढळतात. म्हणजे ज्या ढोबळ तपासणीवर गोऱ्या रुग्णाचे बरेचसे भागून जाई, तिच्यात आपल्याकडच्या रुग्णाची फसगत होण्याचा संभव जास्त.

कार्बन पेपर आणि नवे यंत्र

जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. एकेक एचएलए जनुक काही हजार अक्षरांचे. "दिन" आणि "दीन" यांत एका वेलांटीचा फरक, पण अर्थ किती बदलतो! इथेही एका अक्षराने ओळखपत्र बदलू शकते. मजकूर सरळ वाचायची पद्धत इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली दिली. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी जनुकाच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची पीसीआर ही पद्धत शोधली. करोनाच्या दिवसांत हा शब्द घरोघरी पोचला, ती हीच. या दोन्हींच्या आधारे १९९० नंतर टायपिंग पुष्कळ सुधारले.

तरी एक गुंता राहिलाच. सँगरच्या पद्धतीत आईची प्रत आणि बापाची प्रत एकाच वेळी वाचली जातात. ऑफिसात काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. एकाच कार्बन पेपरवर दोन पत्रे टाइप केली आणि मग तो कार्बन उजेडाकडे धरून वाचू लागलो, तर दोन जागी अक्षरांवर अक्षरे चढलेली दिसतात. पहिल्या जागचे "क" आणि पुढच्या जागचे "त" एकाच पत्रातले, की वेगवेगळ्या, हे सांगता येत नाही. तसेच इथे होई. निकालात "हे रूप असेल किंवा ते असेल" असे पर्याय उरत. मग पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च, पुन्हा काही दिवस.

२००५ नंतर जी नवी सिक्वेन्सिंग यंत्रे आली, त्यांनी हा गुंता पुष्कळसा सोडवला. या यंत्रात जनुकाचा एकेक तुकडा स्वतंत्रपणे वाचला जातो, असे लाखो तुकडे एकाच वेळी. कार्बन पेपर जाऊन दोन पत्रे वेगवेगळी हाती येतात. दुसरी सोय म्हणजे, प्रत्येक माणसाच्या नमुन्याला अक्षरांचीच एक छोटी चिठ्ठी चिकटवतात. मग हजारो माणसांचे नमुने एकत्र करून एकदम यंत्रात घालता येतात. नंतर संगणक चिठ्ठी पाहून प्रत्येकाचा मजकूर वेगळा काढतो, टपाल कचेरीत पिनकोडवरून पत्रे लावावीत तसा. यामुळे माणशी खर्च उतरला आणि गालावरून फिरवलेली काडी पुरेशी झाली. जर्मनीतल्या ड्रेसडेन शहरात डीकेएमएस या दाता-संस्थेची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे २०१३ पासून नव्या दात्यांचे टायपिंग याच रीतीने होते. बंगळुरूची डीकेएमएस फाउंडेशन इंडिया ही संस्था त्याच परिवारातली.

वाचलेला मजकूर ताडून पाहायला एक जागतिक नोंदवही आहे. आजवर सापडलेल्या एचएलए रूपांची तिच्यातली संख्या ४० हजारांच्या वर गेली आहे.

एवढे काटेकोर व्हायचे कशाला, असे कुणी म्हणेल. २००७ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १९८८ ते २००३ या काळातली, परक्या दात्याची मज्जा घेतलेली ३,८५७ प्रत्यारोपणे तिच्यात तपासली होती. ए, बी, सी आणि डीआरबी-१ या चार जनुकांच्या आठही प्रती जुळल्या, तिथे वर्षभराने १०० पैकी ५२ रुग्ण हयात होते. एकच प्रत चुकली, तिथे ४३. त्यानंतर औषधे सुधारली, आकडेही सुधारले. पण एका प्रतीपायी शंभरात नऊ जीव, हा धडा तेव्हा पक्का झाला.

यादीत आपण कुठे आहोत?

परक्या दात्यांची यादी ठेवण्याची कल्पना एका आईची. लंडनमध्ये शर्ली नोलन यांचा लहानगा अँथनी रक्ताच्या दुर्मिळ आजाराने पछाडलेला होता. घरात कुणी जुळेना. १९७४ साली त्यांनी अनोळखी दात्यांची नोंदणी सुरू केली. अँथनी १९७९ साली, दाता न मिळताच गेला. पण त्याच्या नावाची ती यादी चालू राहिली आणि आज जगभरच्या याद्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत. नवी यंत्रे आल्यामुळे नोंदणीच्या वेळीच संपूर्ण टायपिंग होते. रुग्णासाठी शोध घेताना पहिली चाळणी संगणकावरच लागते, आणि कॅन्सरच्या रुग्णाला असे वाचलेले आठवडे फार मोलाचे असतात.

आता आपला हिशेब. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आसपास, तिथे नोंदलेले दाते ९० लाखांहून अधिक. आपण १४० कोटींच्या वर, आणि चेन्नईची दात्री (स्थापना २००९), डीकेएमएस इंडिया, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री अशा संस्थांच्या सगळ्या नोंदी मिळून काही लाख. यंत्र कितीही चांगले असो, जो यादीत नाही त्याला ते शोधून काढू शकत नाही.

याचा परिणाम कुणावर होतो, हे अमेरिकेत स्पष्ट दिसले आहे. २०१४ साली तिथल्या राष्ट्रीय यादीचा हिशेब प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के. कृष्णवर्णीयांच्या निरनिराळ्या गटांत ती १६ ते १९ टक्के. याला कारणे दोन. आफ्रिकन वंशाच्या लोकांत एचएलएची विविधता जास्त, आणि यादीत त्यांची संख्या कमी.

आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या भिंतींशी येऊन भिडतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी "कास्ट्स इन इंडिया" हा निबंध वाचला. जातीत जातीतच लग्न लावण्याची सक्ती हेच जातीचे मूळ लक्षण, असे त्यांनी त्यात मांडले. शंभर वर्षांनी, २०१६ साली, पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील शासकीय जनुकशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांची जनुके तपासली. वरच्या मानल्या गेलेल्या जातींत इतर समूहांशी होणारी सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबली, असे त्यांना दिसले. निबंधात सांगितलेल्या भिंतीची खूण रक्तात सापडली.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. जातीचे वेगळे रक्त असते, असा तो मुळीच नाही. एकाच जातीतली दोन माणसे सहसा जुळत नाहीत, आणि सातासमुद्रापलीकडचा परधर्मी माणूस जुळू शकतो. कोणतेही एचएलए रूप उच्च किंवा नीच नसते. पण पिढ्यान्‌पिढ्या लग्ने कोंडून राहिली, तर काही जोड्या त्याच कोंडाळ्यात जास्त फिरत राहतात. म्हणून आपल्या वस्तीतल्या मुलाला जुळणारा दाता आपल्यासारख्यांतच सापडण्याचा संभव अधिक. यादीत आपलीच माणसे नसतील, तर त्या मुलाने कुणाकडे पाहावे?

विदर्भातल्या वाचकांना हे विशेष सांगायला हवे. सिकलसेल तिथे आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या कुटुंबांत मोठ्या प्रमाणात आढळतो, आपल्या बौद्ध घरांतही. १९८४ साली अमेरिकेत रक्ताच्या कॅन्सरसाठी एका मुलीची मज्जा बदलली, तिला सिकलसेलही होता, आणि तोही बरा झाला. तेव्हापासून हा मार्ग खुला आहे. खर्च आणि धोका दोन्ही मोठे आहेत, सर्वांना तो लागतोच असेही नाही. परंतु आजारी मुलाला सख्खे भावंड असेल, तर त्याचे टायपिंग करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. भावंड सिकलसेलचा नुसता वाहक असेल, तरीही ते दाता ठरू शकते. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी, घरातला दाता जुळत असेल तर, कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून एक योजना चालू झाली, तिच्यात दहा लाखांपर्यंत साहाय्य ठरवले गेले. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात अशा योजनांची चौकशी करावी.

भीती आणि शब्द

आता मगज काढण्याची धास्ती. नोंदणीच्या दिवशी फक्त काडी. पुढे कुणाशी जुळलेच तर बोलावणे येते, अनेकांना जन्मभर येतही नाही. आले, तर आज बहुतेक वेळा पेशी हाडातून न काढता रक्तातून घेतात. चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्यांनी अंग कसकसते, हाडे दुखतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, पेशी गाळल्या जातात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत येते. याला तीन-चार तास लागतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा घेतात. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. नोंदणीसाठी पैसे देत-घेत नाहीत, आणि दात्याचे नाव रुग्णाला सुरुवातीला कळवत नाहीत.

पण एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितो. मित्र म्हणाला, फोटो निघत होता, म्हणून काडी फिरवू नका. बोलावणे आल्यावर घरच्यांच्या विरोधामुळे माघार घेणारे दाते आपल्या देशात पुष्कळ आहेत. रुग्णाची जुनी मज्जा औषधाने संपवल्यावर दाता मागे फिरला, तर तो रुग्ण मृत्यूच्या दारात उभा राहतो. म्हणून आधी आई-वडिलांशी, पती-पत्नीशी बोला. नोंदणी आज नाही केली तरी चालेल, पण केली तर शब्द पाळा. आणि सुनेने किंवा मुलीने नाव दिले असेल, तर "मूल होणार नाही" असल्या बिनबुडाच्या भीतीने तिला अडवू नका.

जुळणारा कुणीच नसेल तर दार बंद होते का? पूर्वी जवळजवळ बंदच होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००० नंतर एक रीत बसवली. निम्मे जुळणाऱ्या आई, वडील किंवा भावंडाची मज्जा द्यायची, आणि तीन-चार दिवसांनी एक ठरावीक औषध देऊन चवताळलेले पहारेकरी तेवढे मारायचे. आता ही रीत भारतातही वापरतात. आमच्या ओळखीच्या एका गिरणी कामगाराच्या हातात रुग्णालयातून कागद आला, त्यावर "हॅप्लोआयडेंटिकल" असे लिहिलेले. नव्या रोगाचे नाव समजून तो माणूस दोन रात्री झोपला नाही. त्याचा अर्थ एवढाच होता की बाप अर्धा जुळतो आणि बाप दाता होऊ शकतो! समजावून सांगायला तिथे कुणाला दोन मिनिटे मिळाली नव्हती.

ही नवी रीत आली म्हणून यादी नको, असे मात्र नाही. कुणाच्या आई-वडिलांना वय किंवा आजार आडवा येतो, कुणाचे शरीर त्यांच्या पेशी नाकारते. डॉक्टरांपुढे जितके पर्याय असतील, तितके रुग्णाच्या हिताचे.

म्हणून येत्या शिबिरात ते टेबल दिसले, तर निदान दोन प्रश्न विचारा: नमुना कोणत्या संस्थेकडे जाणार, आणि बोलावणे आले तर काय करावे लागेल? उत्तरे पटली, वय १८ ते ५० मध्ये असेल, प्रकृती ठणठणीत असेल आणि घरातले राजी असतील, तर काडी हातात घ्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी शिबिराआधी एक संध्याकाळ बायाबापड्यांसह बसून हे सारे समजावून सांगावे, नुसता बॅनर लावून थांबू नये. दुरून कुठून तरी एका आजारी मुलासाठी संगणकावर शोध चालू असेल, तेव्हा आपल्या वस्तीतले एखादे नाव त्या यादीत असले पाहिजे.

जयभीम.